घरातल्या घरात फोटो शेअरिंग: सगळ्यांना दिसावेत, पण सगळ्यांना पुसता येऊ नयेत

वरचा_मजला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. चूकभूल पोटात घाला.

सांगलीत आमचं दुमजली घर. वर आम्ही, खाली दादा-वहिनी, त्यांची मुलं आणि आई. बाबा गेल्यावर त्यांचे जुने अल्बम मी दोन पावसाळे बसून स्कॅन केले. त्यात सगळ्यांच्या मोबाइलमधले, लग्नामुंजीचे, बारशाचे फोटो मिळून ४०० जीबी झालेत. सगळं माझ्या डेस्कटॉपवर, विंडोज ११. खाली दादाचा विंडोज १० चा लॅपटॉप, पुतण्याचं लिनक्स मशीन (त्यावर काय बसवलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक) आणि हॉलमधला टीव्ही.

फोल्डर शेअर करताना मी 'एव्हरीवन' निवडलं. खालून उघडेना, म्हणून एका व्हिडिओत सांगितलं तसं पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाकलं. वर्षभर छान चाललं. गेल्या रविवारी पुतणी (इयत्ता चौथी) खालच्या लॅपटॉपवर बसली होती, आणि संध्याकाळी बघतो तर '१९८४ महाबळेश्वर' हा फोल्डर गायब. माझं रिसायकल बिन पाहिलं, दादाचं पाहिलं. दोन्हीकडे नाही. ती म्हणते, "काका, मी फक्त बघत होते." तिच्यावर माझा विश्वास आहे, माऊसवर नाही.

आता मला असं हवंय: आईला आणि पोरांना सगळं बघता यावं, बदलता येऊ नये. दादा-वहिनीला नवीन फोटो टाकता यावेत. काही फोल्डर (बायकोच्या बाळंतपणातले, बाबांच्या शेवटच्या आजारातले) आमच्या दोघांशिवाय कुणाला दिसू नयेत. आणि पुण्याच्या ताईलाही तिकडून बघायचेत. जमेल का? मी बँकेत आहे, कॉम्प्युटरवाला नाही.

बंडू_बिनधास्त

पुतणीला ॲडमिन करा. तुमच्यापेक्षा जास्त अधिकार तिच्याकडे आहेतच.

रात्रपाळी

आधी एक काम करा. त्या ड्राइव्हवर नवीन काही टाकू नका आणि '१९८४' असं लिहून अख्ख्या ड्राइव्हवर सर्च मारा. चौथीतली मुलं डिलीट करत नाहीत, ओढतात. माऊस दाबलेला राहिला की फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतो.

तिथे नसेल तर मात्र अवघड आहे. नेटवर्कवरच्या फोल्डरातून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ना बघणाऱ्याच्या ना मालकाच्या. एक खिडकी येते, 'कायमचं काढू का' विचारते, आणि आपण सवयीने एंटर मारतो.

वरचा_मजला

सापडला!!! 'गणपती २०११'च्या आत. बाबा आणि आई वेण्णा लेकवर, आणि आजूबाजूला आमच्या आळीचं लेझीम पथक. रात्रपाळी, सांगलीला आलात तर भडंग माझ्याकडून.

साताऱ्याची_सून

पुतणीची माफी मागितलीत का?

वरचा_मजला

मागितली. एका कॅडबरीवर मिटलं.

ढगात_राहणारी

मी डॅलसला असते, सासर-माहेर दोन्ही नागपूर. इतका खटाटोप कशाला? गूगल फोटोजवर अल्बम करा, लिंक पाठवा, विषय संपला. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्या रोज बघतात.

बंडू_बिनधास्त

फुकटाचा जमाना १ जून २०२१ ला संपला ताई. आता जीमेल धरून १५ जीबी. यांचे ४०० आहेत. दरमहा दक्षिणा ठेवावी लागेल.

कलम_कारकून

@ढगात_राहणारी, लिंकचा माझा अनुभव सांगतो. मुलीच्या साखरपुड्याच्या अल्बमची लिंक मी फक्त व्याह्यांना पाठवली होती. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती मावसजावयांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेली. पंधरा दिवसांनी माझ्याच ऑफिसातल्या शिपायाने विचारलं, "साहेब, ते पन्हं फारच छान दिसत होतं, केटरर कोण?" लिंक ज्याच्या हातात, त्याला अल्बम उघडा. मी त्याला काय म्हणणार? केटररचा नंबर दिला.

ढगात_राहणारी

अहो, लिंक न देता थेट त्या माणसाच्या ईमेलला अल्बम देता येतो की. लिंक बंदही करता येते. चाकू कापतो म्हणून कांदा चिरायचं सोडतो का आपण?

रात्रपाळी

त्यांचं म्हणणं रास्त आहे, पण मूळ प्रश्न घरातल्या मशीनचा आहे. त्यावर येतो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

विंडोजवर शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं कुलूप, असं समजा. दिंडी दरवाजा म्हणजे 'शेअरिंग' टॅबमधल्या परवानग्या: फुल कंट्रोल, चेंज आणि रीड, एवढ्या तीनच. खोलीचं कुलूप म्हणजे 'सिक्युरिटी' टॅब, तिथल्या एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) परवानग्या, त्या जास्त बारीक. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे दार जास्त कडक त्याचंच चालतं. बाहेर फुल कंट्रोल आणि आत फक्त रीड असेल, तर त्याला फक्त वाचता येतं. पण जो तुमच्याच डेस्कटॉपवर येऊन बसलाय तो वाड्याच्या आतच आहे. दिंडी दरवाज्याचा त्याच्याशी संबंध नाही, त्याला फक्त खोलीचं कुलूप लागू. म्हणून खरी मेहनत सिक्युरिटी टॅबमध्ये घ्या.

पायऱ्या अशा. ते पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग आज रात्रीच परत चालू करा. तुमच्या डेस्कटॉपवर प्रत्येकासाठी साधं लोकल अकाउंट काढा: आई, दादा, वहिनी, पोरं. प्रत्येकाला पासवर्ड हवाच. पासवर्ड नसलेल्या अकाउंटने विंडोज नेटवर्कवरून शिरू देत नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडकून शेवटी तुमच्यासारखं सगळं सताड उघडं टाकतात. मग शेअरमधून आणि सिक्युरिटीमधून 'एव्हरीवन' काढा, नावं घाला. खाजगी फोल्डर त्याच शेअरच्या आत ठेवून 'डिनाय'चे खेळ करू नका. डिनाय अलाउवर मात करतो, आणि सहा महिन्यांनी आपलेच फोटो आपल्याला का दिसत नाहीत ते शोधत बसाल. ते फोल्डर सरळ दुसरीकडे हलवा आणि शेअरच करू नका.

वरचा_मजला

प्रयत्न केला. दादाच्या लॅपटॉपवरून माझ्याच नावाने आधी जाऊन बघावं म्हटलं. मी रोज टाकतो तोच चार आकडी टाकला, घेत नाही. सहा वेळा टाकला. दादा मागे उभा राहून हसतोय.

रात्रपाळी

तो पिन आहे हो. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि आता चाचणी संपली की दादांच्या लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून तुमचं साठवलेलं नाव पुसा. एका मशीनवर एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी विंडोज जाऊ देत नाही. नाव पुसलं नाही तर दादा तुमच्याच नावाने आत राहतील, आणि दोन दिवसांनी तुम्ही इथे येऊन लिहाल की परवानग्या चालतच नाहीत.

टक्स_तात्या

इतका वेळ गप्प बसलो होतो.

लिनक्सवर हे काम तीन ओळींचं आहे, पण त्यातही एक गंमत आहे जी भल्याभल्यांना माहीत नसते. फाइल 'रीड ओन्ली' केली म्हणजे ती पुसता येणार नाही असं नाही! पुसण्याचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर लिहिण्याचा हक्क असतो. फोल्डर लिहिता येत असेल तर आतली कुलूपबंद फाइलसुद्धा उचलून फेकता येते. त्यावर उपाय स्टिकी बिट. ती लावली की फोल्डरात टाकू सगळे शकतात, पण पुसताना ज्याची फाइल तोच (किंवा फोल्डरचा मालक).

अवांतर: विंडोजशी फाइली वाटून घेणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. १९९२ पासूनचं, ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलचं. आधीचं नाव ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे बदलावं लागलं, तेव्हा त्यांनी शब्दकोशात एस, एम, बी (विंडोज ज्या पद्धतीने फाइली वाटतं ती एसएमबी) ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून सांबा निघालं. नाचाशी संबंध नाही.

पुतण्याला म्हणावं, तात्या विचारतायत कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार.

बंडू_बिनधास्त

मला वाटलं सांबार.

मडगावकर

टीव्हीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझी फजिती सांगतो.

चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं. पोरांनी टीव्हीवर फोटो लावावेत म्हणून मी कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर चालू केला, तो डीएलएनएवाला. त्याला नाव विचारणं नाही, पासवर्ड नाही, जे फोल्डर दाखवले ते घरातल्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना. मी 'पिक्चर्स' हा अख्खा फोल्डर दाखवलेला. गणपतीसमोर आरती चाललेली, बाजूला टीव्हीवर आवाज बंद करून स्लाइड शो. माटोळीचे फोटो, नातवाचे फोटो, आणि मग माझ्या मूळव्याधीच्या रिपोर्टचा फोटो. डॉक्टरला पाठवायला काढला होता. 'सुखकर्ता'चं दुसरं कडवं कोणी म्हटलंच नाही.

तेव्हापासून टीव्हीसाठी वेगळा फोल्डर. त्यात हाताने निवडलेले फोटो कॉपी करून टाकतो. आणि पाहुण्यांना राउटरचं गेस्ट वायफाय देतो, त्यावरून घरातली मशीनं दिसत नाहीत.

वरचा_मजला

हसून पुरेवाट. टीव्हीला वेगळा फोल्डर, लिहून घेतलं.

साताऱ्याची_सून

कुणाला काय दिसावं हे सगळेच सांगतायत. पण परवानग्या द्यायच्या कुणी, हे कुणीच विचारलं नाही.

आमच्याकडे हे सगळं ह्यांनी बसवलंय. छान नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची, फाइली साठवायची पेटी) आणलं, दोन डिस्कवालं. ॲडमिन ते. मला 'रीड ओन्ली', कारण म्हणे चुकून काही पुसलं जायला नको. मुलांचे फोटो काढते मी. गॅदरिंगचे, तापातले, पहिला दात पडला तेव्हाचे. ते मी ह्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि ते वेळ मिळेल तेव्हा नॅसवर टाकायचे. दोन वर्षांनी मोठ्या प्रिंट काढायला गेले तर दुकानदार म्हणाला, ताई, फोटो फुटतोय. व्हॉट्सॲपने सगळे बारीक करून टाकलेले, आणि माझ्या जुन्या फोनमधले मूळ केव्हाच गेलेले. तारीखसुद्धा फोटो काढल्याची नाही, ह्यांनी सेव्ह केल्याची.

मग ह्यांना कामासाठी तीन आठवडे बाहेर जावं लागलं आणि वीज गेल्यावर नॅस परत सुरू होईना. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आता ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात, लॉकरच्या किल्लीच्या पाकिटात आहे. आणि मी पण ॲडमिन आहे. आजवर माझ्याकडून एकही फोटो पुसला गेलेला नाही. ह्यांच्याकडून २०१९ चा सगळा मे महिना.

वरचा_मजला

हे वाचून गप्पच झालो. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी बायकोच्या बाळंतपणातले फोटो 'आमच्या दोघांशिवाय' असं लिहिलंय खरं, पण तिचं अकाउंट मी काढलेलंच नाही. ते माझ्याच लॉगिनमध्ये आहेत.

साताऱ्याची_सून

तेच म्हणतेय.

निवृत्त_आवक_जावक

मी जिल्हा परिषदेत ३४ वर्षं टपाल सांभाळलं. कॉम्प्युटर फारसा येत नाही, पण तुमचा गोंधळ ओळखीचा वाटतो.

आमच्याकडे आलेला कागद कोणी थेट फाइलला लावत नसे. आधी आवक, तिथे नोंद, मग ज्याची फाइल तो लावील. तुम्हीही तसं करा. 'आवक' नावाचा एक फोल्डर, त्यात घरातला कोणीही फोटो टाकेल. मूळ दप्तर मात्र सगळ्यांना वाचायला, लिहायला एक-दोघांनाच. महिन्यातून एकदा बसून आवक रिकामी करायची. दादांना थेट दप्तरात हात घालू देण्याची गरजच उरत नाही.

रात्रपाळी

काका, दंडवत. लोक यासाठी सल्लागार नेमतात.

फक्त एक तांत्रिक खोच: आवकमधून दप्तरात फाइली नेताना त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर फाइल जुन्याच परवानग्या घेऊन जाते. कॉपी केली तर नवीन फोल्डरच्या लागतात. म्हणून आधी कॉपी, नीट पोचल्या हे बघा, मग आवकमधून पुसा.

कलम_कारकून

३४ वर्षांचा अनुभव आणि कॉम्प्युटर येत नाही म्हणे. 🙏

कायद्याचं कोणी विचारणार असेल तर: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी स्वतः वापरलेल्या माहितीला लागू नाही. त्यामुळे वहिनी तुमच्यावर त्या कायद्याखाली केस करू शकत नाहीत. बाकी मार्ग त्यांना मोकळे आहेत.

वरचा_मजला

आणखी एक अडचण. ताईला पाठवायचं म्हणून आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्यावं म्हटलं, ती डिस्क दादाच्या लॅपटॉपला लावलीय. खालच्या मजल्यापर्यंत इलेक्ट्रिशियनने केबल टाकून दिलीय, तरी सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. रात्रभर चाललंय.

टक्स_तात्या

केबलचं टोक उघडून बघा. आत चार रंगीत जोड्या असतात. आपल्याकडचे बरेच इलेक्ट्रिशियन दोनच जोड्या लावतात, कारण १०० एमबीपीएसला तेवढ्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. ४०० जीबीला तुम्हाला दहा तास लागतायत, चारही लावल्यात तर तासा-सव्वातासात होईल. डिस्क तेवढी पळणारी हवी.

वरचा_मजला

उघडून बघितलं. तपकिरी आणि निळी जोडी कापून मागे दुमडून ठेवलीय. वर टेप.

बंडू_बिनधास्त

वाचवलेली तांब्याची तार घरी नेली नाही हे काय कमी आहे.

ढगात_राहणारी

माझा प्रश्न तसाच आहे. पुण्याच्या ताईचं काय? ती काय सांगलीपर्यंत केबल ओढणार?

रात्रपाळी

रास्त. आधी काय करू नये ते. राउटरमध्ये पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचं दार) बाहेरच्या जगाला उघडू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरलं ते याच वाटेने, एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, लोकांनी टाकली नव्हती. शिवाय आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून दिसत नाही. लोक रात्र रात्र राउटरशी झटापट करतात आणि दोष स्वतःला देतात.

करायचं ते असं: टेलस्केलसारखं काहीतरी (दूरची मशीनं इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे टाका. खाली वायरगार्ड ही जोडणीची पद्धत आहे, मधली वाट कूटबद्ध राहते, आणि ताईंच्या कॉम्प्युटरला तुमचा डेस्कटॉप शेजारच्या खोलीत असल्यासारखा दिसतो. परवानग्या त्याच लागू होतात, ताईंसाठी एक वाचण्यापुरतं अकाउंट. फक्त तुमचा डेस्कटॉप चालू असायला हवा.

पुढे कधी पुतण्याला कामाला लावायचं असेल तर त्याच्या मशीनवर इमिच बसवू देत. ब्राउझरमध्ये आणि फोनवर गूगल फोटोजसारखं दिसतं, फोटो घरातच राहतात. त्याला मूळ फोल्डर 'रीड ओन्ली' जोडून द्या, म्हणजे इमिच बिघडलं तरी दप्तर शाबूत.

पांढरा_पडदा

मी फोटो स्टुडिओवाला. सगळे परवानग्यांवर बोलताय, बॅकअपवर कोणी नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या स्टुडिओत चार मशीनं, एका मशीनवर सगळी लग्नं, बाकीच्या तिघांवर तो फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेला. सगळ्यांना फुल कंट्रोल, कारण एडिटिंगची घाई. एका मुलाने एक फुकटचा प्लग-इन उतरवला. रॅन्समवेअर त्याच्या मशीनवर आलं आणि झेड ड्राइव्हवरून सगळीकडे गेलं. त्या मुलाला जे लिहिता येत होतं ते सगळं त्याच्या व्हायरसलाही लिहिता येत होतं. सहा लग्नं. चारांचे कार्ड अजून पुसले नव्हते म्हणून वाचलो. दोन घरी स्वतः जाऊन सांगितलं. एका घरात वधूची आजी मधल्या काळात वारली होती.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने सांगितलेला हिशोब आता आमच्या भिंतीवर लिहिलाय: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. नॅसमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या असं समजू नका, एकीवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. आमची तिसरी प्रत माझ्या मेहुण्याच्या तिजोरीत असते, वायर काढून.

साताऱ्याची_सून

आजीचं वाचून कसंतरी झालं.

निवृत्त_आवक_जावक

२००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला 'घराबाहेर एक प्रत' वेगळं सांगायला नको.

वरचा_मजला

खरंय काका. २०१९ ला खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. अल्बम वाचले ते आईने आदल्या रात्री एकटीने वर चढवले म्हणून.

मडगावकर

स्कॅनिंगबद्दल एक विचारायचं होतं. त्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो कसे सोडवलेत? माझे ओढले की फाटतात.

वरचा_मजला

दात कोरायचा दोरा, साधा, चव नसलेला. फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्यायचा. काही हललेच नाहीत, ते पानासकट स्कॅन केले.

वरचा_मजला

आठ दिवसांनी परत येतोय. झालं ते सांगतो.

'दप्तर', 'आवक' आणि 'टीव्ही' असे तीन फोल्डर. दप्तरात लिहिण्याचा हक्क मला आणि बायकोला, तिचं वेगळं ॲडमिन अकाउंट काढलं. आई, दादा, वहिनी, पोरं, ताई यांना वाचणं. आवकमध्ये सगळे. खाजगी फोल्डर शेअरच्या बाहेर काढले. केबलची टोकं बदलली, दादानेच. एक डिस्क शनिवारी पुण्याला जाणाऱ्या भाच्याच्या सॅकमधून ताईकडे गेली. पासवर्डांचा कागद देवघरातल्या पंचांगात आहे. पुतण्याने इमिच बसवायला घेतलंय, तात्यांना सांगा डेबियन आहे.

बायकोला विचारलं, ते बाळंतपणातले फोटो कुठे ठेवायचे. ती म्हणाली, त्यातले अकरा दप्तरात टाक, बाकीचे राहू देत. अकरा कुठले ते तिने निवडले. मी निवडले असते तर त्यातला एकही नसता.

बाबांच्या आजारातले आईने मागितले. मी दाखवायचे नाहीत असं ठरवून बसलो होतो, तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिचं नाव त्या फोल्डरला जोडलं.

टक्स_तात्या

डेबियन! घरात संस्कार आहेत.

ढगात_राहणारी

छान झालं. आवक चालू झाली का मग?

वरचा_मजला

झाली. पहिली फाइल आईची. गुलाबाचं फूल, खाली 'शुभ सकाळ', ४२ केबी. दुसऱ्या दिवशी सूर्यफूल.

बंडू_बिनधास्त

आणि ती पुसायची परवानगी कुणाला?

वरचा_मजला

बायकोला. तिने उचलून टीव्हीच्या फोल्डरात टाकलीत.